पुण्यात घरी बांधायचा इलेक्ट्रिक हायड्रोफॉइल बोर्ड: पंखाच्या हिशेबापासून पाण्यातल्या चाचणीपर्यंत

हायड्रोफॉइल बोर्ड वेग आला की पाण्याच्या वर अर्धा मीटर उचलला जातो. पाण्यात उरतात ते फक्त मास्ट म्हणजे बोर्डाखालचा उभा खांब, मोटर आणि दोन पंख. पाण्याचा विरोध एवढा घटतो की ८० किलोचा माणूस सव्वा ते दीड किलोवॉटमध्ये ताशी २० ते २५ किलोमीटर वेगाने जातो. हे घरी बांधता येतं, पण कामाचा क्रम चुकला की पैसे वाया जातात. बहुतेक जण आधी मोटर निवडतात. आमचा आग्रह असा की आधी पंख ठरवा, मग मोटर, मग बॅटरी. आणि सगळ्यात जास्त वेळ पाणी आत शिरू न देण्यावर खर्च करा, कारण घरगुती बोर्ड ताकद कमी पडून क्वचित बंद पडतात. ते बंद पडतात बॅटरीच्या पेटीत शिरलेल्या वाटीभर पाण्यामुळे.

आधी वजन, मग पंख

माणूस ८० किलो, बोर्ड ८ ते १०, फॉइल (मास्ट आणि पंख) आणि मोटर ६ ते ७, बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स १० धरा. एकूण १०५ किलोच्या आसपास जातं. हे सगळं वजन पुढच्या पंखाने उचलायचं आहे. उचल वेगाच्या वर्गाच्या आणि पंखाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते. १८०० चौरस सेंटिमीटरचा पंख हे वजन ताशी साधारण १३ ते १४ किलोमीटरला उचलतो. १२०० चा घेतला तर १६ ते १७ लागतात. तीन किलोमीटरचा फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण उचललं जाईपर्यंत बोर्डाचं पोट पाणी ढकलत असतं आणि त्या टप्प्यावर प्रत्येक जादा किलोमीटर फार महाग पडतो. मोठ्या पंखाला तीन किलोवॉटचा झटका पुरतो, लहान पंखाला पाच लागू शकतात. मग मोटरला वीज मोजून देणारा कंट्रोलर, तारा, बॅटरी सगळंच जाड आणि जड होत जातं.

म्हणून पहिल्या बोर्डासाठी १६०० ते २००० चौरस सेंटिमीटरचा पुढचा पंख घ्या. पंख, फ्यूजलाज (दोन पंखांना जोडणारा आडवा दांडा) आणि मास्ट तयार विकत आणणं शहाणपणाचं. पंखाच्या आकारात एक-दोन मिलिमीटरची चूकही एका बाजूला ओढ निर्माण करते आणि ती शोधून काढणं कठीण जातं. मास्ट ॲल्युमिनियमचा, ७० ते ७५ सेंटिमीटरचा असावा. शिकताना त्याहून लांब मास्ट घेतला तर पडण्याची उंची वाढते. आतून पोकळ असलेला मास्ट मिळाला तर तारा त्यातूनच नेता येतात.

मोटर, क्लॅम्प आणि प्रोपेलर

घरगुती बांधणीत बरीच वापरली जाणारी सोपी निवड म्हणजे ६५१६१ आकाराची बंदिस्त, पाण्यात चालणारी ब्रशलेस मोटर: व्यास ६५ मिलिमीटर, लांबी १६१, साधारण १०० ते १२० केव्हीची (इथे केव्ही म्हणजे एका व्होल्टला मिनिटाला होणारे फेरे, किलोव्होल्ट नव्हे). गिअरबॉक्स नाही, त्यामुळे तेल गळण्याची भानगडही नाही. ही मोटर मास्टला क्लॅम्पने, फ्यूजलाजच्या १५ ते २० सेंटिमीटर वर बसवा. त्याहून वर बसवली तर बोर्ड उंच गेल्यावर प्रोपेलर हवा ओढतो आणि जोर एकदम जातो.

क्लॅम्प थ्रीडी प्रिंट करून मापं जुळवून घ्या, पण अखेरचा तुकडा ॲल्युमिनियम ६०६१ किंवा ६०८२ मधून सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर) कापून घ्या. पुण्यात राहण्याचा खरा फायदा इथे आहे: भोसरी आणि चाकण पट्ट्यात एकच नग करून देणारी छोटी वर्कशॉप सापडतात. मास्टच्या पोटाचा आकार कॅलिपरने तीन ठिकाणी मोजा आणि क्लॅम्पमध्ये ०.३ मिलिमीटरची फट ठेवून तिथे पातळ रबर किंवा टेप भरा. धातूवर धातू घट्ट आवळला की मास्टवर ओरखडे उठतात आणि खाऱ्या पाण्यात तिथूनच गंज धरतो.

प्रोपेलरचा हिशेब सोपा आहे. ताशी २२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ६.१ मीटर. प्रोपेलरची पिच (एका फेऱ्यात तो कागदावर जेवढा पुढे जातो ते अंतर) १४० मिलिमीटर आणि पाण्यात होणारी घसर २० टक्के धरली तर एका फेऱ्यात तो ११२ मिलिमीटर पुढे जातो. म्हणजे सेकंदाला ५४-५५ फेरे, मिनिटाला सुमारे ३३००. १२० केव्हीची मोटर ५० व्होल्टला रिकामी ६००० पर्यंत फिरते, त्यामुळे ३३०० ला भरपूर राखीव उरतो. तेव्हा १३० ते १५० मिलिमीटर व्यासाचा, १३० ते १५० पिचचा प्रोपेलर योग्य. प्रिंट करणार असाल तर नायलॉन किंवा पीईटीजी, पूर्ण भरीव. पीएलए हे प्रिंटिंगचं नेहमीचं प्लॅस्टिक ६० अंशाला मऊ पडतं. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला प्रोपेलर वाकडा होऊन निघेल.

प्रोपेलरभोवती संरक्षक कडं हवंच. त्याने कार्यक्षमता थोडी कमी होते, ती होऊ द्या. पडल्यावर पाय नेमके त्याच दिशेला जातात.

बॅटरी

१४ सेल सिरीजमध्ये आणि ८ पॅरललमध्ये, म्हणजे १४एस८पी. २१७०० आकाराचे मोलिसेल पी४२ए सेल धरले तर ११२ सेल, वजन जवळपास ७.८ किलो, क्षमता ३३.६ अँपिअर-तास, पूर्ण चार्ज ५८.८ व्होल्ट, ऊर्जा सुमारे १७०० वॉट-तास. त्यातले ८५ टक्के वापरले तर तासभर चालतो. उचलताना ४ किलोवॉट म्हणजे ८० अँपिअर. आठ सेलांत वाटले तर प्रत्येकाला १० अँपिअर येतात, जे या सेलला सहज झेपतं. सेल माहितीतल्या विक्रेत्याकडूनच घ्या. २१७०० सेलवर ८०००, ९००० एमएएच छापलेलं दिसलं तर तो माल घेऊच नका.

बांधताना पुढचा क्रम पाळा. प्रत्येक सेलचा व्होल्टेज मोजा आणि एका पॅरलल गटात ०.०२ व्होल्टपेक्षा जास्त फरक येऊ देऊ नका; फरक असला की जोडताक्षणी सेल एकमेकांत प्रवाह ओततात. प्रत्येक धन टोकावर इन्सुलेशन कागदाची चकती लावा. ०.२ मिलिमीटर जाड, १० रुंद शुद्ध निकेलची पट्टी दुहेरी लावा, किंवा खाली तांब्याची पट्टी घ्या. निकेलच्या नावाखाली निकेल चढवलेलं लोखंड विकलं जातं. पट्टी कानशीने घासून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा; तांबूस गंज आला तर ती लोखंडी आहे. अशी पट्टी चालताना तापते. सेलवर थेट सोल्डर करू नका, स्पॉट वेल्डरच वापरा.

बीएमएस (सेलवर लक्ष ठेवणारं आणि गरज पडली की प्रवाह तोडणारं सर्किट) फक्त चार्जिंगच्या वाटेवर ठेवा, चालवण्याचा प्रवाह त्याच्या बाहेरून न्या. बीएमएसने वेगात प्रवाह तोडला तर माणूस पुढे फेकला जातो. कंट्रोलर मात्र व्होल्टेज उतरत गेला की जोर हळूहळू कमी करतो. याची किंमत अशी की कंट्रोलरला फक्त एकूण व्होल्टेज दिसतो, चौदापैकी एखादा गट खचत असेल तर तो दिसत नाही. म्हणून दर काही फेऱ्यांनंतर बॅलन्स तारांवर (प्रत्येक गटातून काढलेल्या बारीक तारांवर) चौदाही गट मोजायचे.

फ्यूजकडे खास लक्ष द्या. कारच्या ऑडिओसाठी मिळणारे अनेक एएनएल फ्यूज ३२ व्होल्ट डीसीचे असतात. ५८ व्होल्टवर तो वितळला तरी आतली ठिणगी जळत राहू शकते. फ्यूजवर ८० व्होल्ट डीसी किंवा जास्त लिहिलेलं असलं पाहिजे. १२५ अँपिअर पुरे. कनेक्टर अँटी-स्पार्क प्रकारचा घ्या, साधा घेतला तर कंट्रोलरचे कपॅसिटर भरताना होणाऱ्या ठिणगीने टोकं जळतात.

तारा ८ ते १० चौरस मिलिमीटरच्या सिलिकॉनच्या. बॅटरीपासून कंट्रोलरपर्यंतची तार शक्य तेवढी आखूड ठेवा, कारण ती लांबली की व्होल्टेजचे झटके कंट्रोलरचे ट्रान्झिस्टर मारतात. लांबवायची असेल तर मोटरकडे जाणारी तीन फेजची तार लांबवा. अशा तारा, लग, हीट श्रिंक आणि फ्यूज होल्डर यांसाठी बुधवार पेठेतली तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाचा परिसर पालथा घालायला अर्धा दिवस द्या.

बोर्डाचं अंग

आकारमान माणूस आणि सामान यांच्या एकत्र वजनापेक्षा थोडं जास्त हवं, नाहीतर उभं राहण्याआधीच बोर्ड बुडतो. १०५ किलोसाठी ११० ते १२० लिटर. १६५ लांब, ६८ रुंद, १३ सेंटिमीटर जाड, गोलसर कडांसह एवढा बोर्ड साधारण ११३ लिटर भरतो.

गाभ्याला २० ते २५ घनतेचा (घनमीटरला किलो) थर्माकोल किंवा गच्चीच्या उष्णतारोधनासाठी मिळणाऱ्या एक्सपीएस फोमच्या पाट्या चालतात. एक्सपीएस पाणी शोषत नाही, पण त्याची पाठ गुळगुळीत असते. ४० नंबरच्या सँडपेपरने ती खरवडली नाही तर फायबरचा थर उन्हात फुग्यासारखा सुटतो. रेझिन इपॉक्सीच हवं. पॉलिएस्टर रेझिन दोन्ही फोम वितळवतं.

मास्ट जिथे बसतो ती जागा बोर्डाचा सर्वात ताणलेला भाग. २५ सेंटिमीटरचे दोन ट्रॅक, मध्यापासून मध्यापर्यंत ९० मिलिमीटर अंतरावर, ८० घनतेच्या पीव्हीसी फोमच्या किंवा मरीन प्लायच्या ठोकळ्यात बसवा. तो ठोकळा खालच्या पाठीपासून वरच्या डेकपर्यंत सलग गेला पाहिजे. नुसत्या थर्माकोलमध्ये चिकटवलेले ट्रॅक पाऊण मीटरच्या मास्टच्या तरफेने उखडून येतात. ट्रॅक चिकटवताना मास्टची प्लेट बोल्टने लावूनच चिकटवा, प्लेटला आधी मेण फासा. मग ते समांतर आहेत की नाही ही शंकाच उरत नाही. मरीन प्लाय भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मिळतो.

फायबरचं कापड २०० जीएसएमचं (चौरस मीटरला २०० ग्रॅम): खाली दोन थर, वर तीन, आणि ट्रॅक व पायाखालच्या जागी आणखी दोन. लॅपॉक्स एल-१२ रेझिन आणि के-६ हार्डनर वापरत असाल तर वजनाने १०० ला १०. डोळ्यांच्या अंदाजाने मिसळू नका, एक ग्रॅमचा काटा वापरा. एका वेळी २०० ते २५० ग्रॅमच मिसळा आणि पसरट ताटलीत ओता. पेल्यात तसंच राहिलं तर ते तापून धूर सोडतं. एकूण तीन किलो रेझिन हाताशी असू द्या. हातमोजे आणि मास्क घाला, खिडक्या उघड्या ठेवा.

वेळेचं एक गणित आहे. फोम गरम होत असताना त्यातली हवा बाहेर येते आणि ओल्या फायबरखाली बुडबुडे करते. म्हणून काम संध्याकाळी, तापमान उतरत असताना सुरू करा. पुण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. पावसाळ्यात दमट हवेमुळे पृष्ठभागावर मेणचट थर येतो. तो पाण्याने धुवून मगच घासायचा, नाहीतर पुढचा थर धरत नाही. रंग पांढराच द्या. काळा बोर्ड उन्हात एवढा तापतो की फोम आणि रेझिन दोन्ही मऊ पडतात.

पेटी: इथे घाई नको

बॅटरी आणि कंट्रोलरसाठी आतून ५२ बाय २८ सेंटिमीटरचा, ९.५ खोल कप्पा पुरतो. कप्प्याला आतून फायबरचे दोन थर द्या. झाकणाला ६ मिलिमीटर पॉलिकार्बोनेट किंवा फायबरचीच पाटी. स्क्रू ७ ते ८ सेंटिमीटरवर. त्याहून लांब ठेवले तर दोन स्क्रूंच्या मध्ये झाकण उचललं जातं. गास्केट मऊ, बंद पेशींच्या ईपीडीएम रबराचं. ते जाडीच्या ३० ते ४० टक्के दाबलं गेलं पाहिजे. पिळून सपाट केलेलं गास्केट काही आठवड्यांत मेलेलं असतं.

आता ज्या कारणाने चांगलं गास्केटही हरतं ते पाहा. पेटी उन्हात तापते, आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते. बोर्ड गार पाण्यात टाकला की आतली हवा आकसते आणि पेटी बाहेरचं पाणी ओढते. पुणेकरांना याच्यात आणखी भर पडते. शहर समुद्रसपाटीपासून ५६० मीटर उंचीवर आहे आणि इथला हवेचा दाब अलिबागपेक्षा सुमारे ६५ हेक्टोपास्कल कमी. घरी घट्ट बंद केलेली पेटी किनाऱ्यावर नेली तर वर दिलेल्या मापाच्या झाकणावर जवळपास ९५ किलोंचा भार बाहेरून आत दाबत असतो. उपाय स्वस्त आहे: हवा जाऊ देणारा पण पाणी अडवणारा, पातळ पडद्याचा एम१२ व्हेंट झाकणावर लावा. फोमच्या अंगालाही असाच एक व्हेंट द्या, नाहीतर घाट उतरताना आणि चढताना फायबरचा थर ताणला जातो.

दुसरी चोरवाट तारेच्या आतून आहे. सिलिकॉनच्या आवरणाखाली शेकडो बारीक तांब्याचे धागे असतात आणि त्यांच्यामधल्या फटीतून पाणी केशाकर्षणाने चढत पेटीपर्यंत पोचतं. बाहेरून ग्लँड (तार पेटीत शिरते तिथलं घट्ट तोंड) कोरडा ठणठणीत, आणि आत थेंब! ग्लँडच्या आतल्या बाजूला तिन्ही फेज तारांचं आवरण १० मिलिमीटर सोला, धागे सोल्डरने पूर्ण भरून टाका आणि त्यावर गोंद असलेलं हीट श्रिंक बसवा. मग तो सगळा भाग इपॉक्सीत बुडवून ठोकळा करा. मोटरच्या बाजूला जोड दिला असेल तर तिथेही हेच.

कंट्रोलर थंड ठेवण्यासाठी पेटीच्या तळाशी ६ मिलिमीटरची ॲल्युमिनियमची पाटी बसवा, जिची खालची बाजू पाण्याला लागते आणि वरच्या बाजूला थर्मल पेस्ट लावून कंट्रोलर. पाण्याच्या नळ्या आत खेळवणारी पद्धत जास्त थंडावा देते, पण एक नळी निसटली की पेटीच भरते. आम्ही पाटीच्या बाजूने आहोत.

तपासणी रिकाम्या पेटीची. आत टिश्यू पेपर पसरा, झाकण लावा, वर वजन ठेवून बोर्ड तासभर पाण्यात दाबून धरा. नंतर उन्हात अर्धा तास ठेवून लगेच पुन्हा गार पाण्यात. टिश्यूवर एकही डाग नसेल तरच बॅटरी आत जाईल.

सेटिंग आणि रिमोट

व्हेस्क प्रकारचा (संगणकावरून सेटिंग बदलता येणारा), ७५ व्होल्ट झेपणारा कंट्रोलर घ्या. कंट्रोलर मोटर फिरवून तिची मापं घेतो, ती मोटर ओळखण्याची प्रक्रिया प्रोपेलर काढूनच करा. बॅटरीचा प्रवाह ८० ते ९० अँपिअरला बांधा, मोटरचा १०० ते १२० ला. व्होल्टेज ४४.८ ला आला की जोर कमी व्हायला लागावा आणि ४२ ला थांबावा. नियंत्रणाचा प्रकार उलट दिशा नसलेला, आणि थ्रॉटलची चढण एक सेकंदाच्या आसपास. सुरुवातीला मर्यादा निम्म्यावर ठेवा.

रिमोट पूर्ण जलरोधक हवा. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यातून जात नाही. त्यामुळे हात पाण्यात गेला की संपर्क तुटतो आणि मोटर थांबलीच पाहिजे. किनाऱ्यावर, प्रोपेलर काढून, मोटर हळू फिरत असताना रिमोट बादलीत बुडवून पाहा. सेकंदभरात थांबली नाही तर त्या दिवशी पाण्यात जायचं नाही. रिसीव्हरचा अँटेना झाकणाच्या लगेच खाली ठेवा. झाकण कार्बन फायबरचं असेल तर लहर अडते.

शेवटी तोल. सगळं बसवून बोर्ड पुढच्या पंखाच्या रेषेवर आडव्या पाइपवर ठेवा आणि बॅटरी मागेपुढे सरकवत जवळपास समतोल आणा. मोटरचा जोर खालून लागत असल्याने थ्रॉटल दिला की नाक वर जातं आणि सोडला की खाली येतं. हा फरक फार जाणवत असेल तर ट्रॅकमध्ये मास्ट सेंटिमीटरभर सरकवा, किंवा मागच्या पंखाखाली अर्ध्या अंशाची पाचर घाला. दोन्ही एकदम बदलू नका.

पाण्यावर

खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही साखळी पुण्याला पिण्याचं पाणी देते आणि मुळशीचं धरण टाटा पॉवरचं आहे. कुठेही उतरण्याआधी संबंधित विभागाची किंवा मालकाची लेखी परवानगी घ्या. खडकवासल्याच्या काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची हद्द लागते, तिकडे फिरकू नका. नदीपात्रात किंवा जलपर्णी असलेल्या तलावात हा बोर्ड चालतच नाही; प्रोपेलरला वेल गुंडाळली की मोटर तापते. दीड मीटरपेक्षा कमी पाण्यात फॉइल तळाला अडकतं आणि माणूस पुढे उडतो. धरणात पाणी उतरत जातं तसे एप्रिल-मेमध्ये बुंधे आणि जुने बांध वर येतात, शिवाय मासेमारीची जाळी असतात. सकाळी होडीतून किंवा काठावरून मार्ग पाहून घ्या.

लाइफ जॅकेट आणि हेल्मेट, काठावर एक पोहता येणारा माणूस. आधी पालथं झोपून, मग गुडघ्यावर, मग उभं. पहिल्या दिवशी बोर्ड वर उचलूच नका. पुढच्या पायावर भार ठेवून पाण्याला चिकटवूनच चालवा. पडायचं ते बाजूला, बोर्डापासून लांब, आणि पडताना थ्रॉटल सोडायचा.

दर फेरीनंतर पेटी उघडा, टिश्यू बघा, कंट्रोलरचं कमाल तापमान नोंदवा. खाऱ्या पाण्यातून आल्यावर मोटर गोड्या पाण्यात बुडवून मिनिटभर हळू फिरवा आणि सगळे स्टेनलेस बोल्ट काढून अँटी-सीझ लावून परत बसवा. तसेच ठेवले तर ॲल्युमिनियमच्या मास्टमध्ये ते कायमचे जाम होतात. चार्जिंग पेटी पूर्ण कोरडी झाल्यावरच, घराबाहेर फरशीवर आणि कोणीतरी जागं असताना. ५ अँपिअरच्या चार्जरला सात तास लागतात. पावसाळ्यात बोर्ड बंद राहणार असेल तर बॅटरी ५२ ते ५३ व्होल्टवर आणून बाहेर काढा आणि झाकण सैल ठेवा, म्हणजे गास्केट चार महिने दाबलेलं राहणार नाही.